सोमवारपर्यंत तज्ज्ञ

कुठलाही विषय मला सोमवारपर्यंत येतो. शुक्रवारी संध्याकाळी त्याचं नावही ऐकलेलं नसलं तरी बिघडत नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, असं लिहिणार होतो. पण गर्वानेच सांगतोय. राष्ट्रीयीकृत बँकेत हयात गेलेल्या माणसाकडे मिरवायला दुसरं असतं काय? दर तीनएक वर्षांनी बदली, आणि बदलीबरोबर नवं खातं. गणपतीला चौदा विद्या आणि चौसष्ट कला येतात म्हणतात. त्याच्या बदल्या किती झाल्या असतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

माझी पद्धत अशी. प्रत्येक विद्येत दहा-बारा शब्द असे असतात की ते योग्य जागी टाकले की समोरचा गप्प बसतो. मी तेवढेच पाठ करतो आणि उच्चारताना चेहरा किंचित कंटाळलेला ठेवतो. कंटाळा महत्त्वाचा. उत्साह दिसला की लोक ओळखतात, हा कालच शिकलाय.

या पद्धतीची पहिली परीक्षा म्हशीने घेतली. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला. शेतमजुराला एक-तृतीयांश अनुदान, उरलेलं बँकेचं कर्ज, आणि त्यातून पुष्कळदा म्हैस. सदाशिव पेठेत वाढल्यामुळे म्हशीशी माझा संबंध चहापुरता. तरी सोलापूर जिल्ह्यातल्या शाखेत रुजू झालो आणि लगोलग खरेदी समितीवर बँकेचा प्रतिनिधी झालो. रात्री जागून शब्द जमवले: वेत, कास, सड, गाभण, भाकड. वय दातांवरून ओळखायचं: दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेली. म्हशीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, हे पुस्तकाने वेळेवर सांगितलं म्हणून बरं. नाहीतर सांगोल्याचा अख्खा बाजार मी म्हातारा ठरवला असता.

आता विषय निघालाच आहे, तर पंढरपुरी म्हशीबद्दल मला थोडं बोलू द्या. घरात हा विषय काढायला मला बंदी आहे. हरियाणाची मुऱ्हा म्हैस दिसायला भारदस्त, काळीभोर, शिंगं जिलबीसारखी वळलेली. सरकारी पोस्टरवर तीच. पंढरपुरी तिच्यापुढे सडपातळ, तोंड लांबट, पण शिंगं! तलवारीसारखी मागे निघतात ती खांदे ओलांडूनच थांबतात. अशी म्हैस गोठ्यात वळते तेव्हा शेजारणींनी आपापलं बघून घ्यायचं. आणि स्वभाव कसा? नवी जागा, नवी माणसं, वाहनांचा गोंगाट, काही असो, पान्हा सोडते. म्हणून तर कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून धारोष्ण दूध पेल्यात देता येतं. दिवाळीच्या पाडव्याला तिथले गवळी म्हशींना सजवतात, शिंगं रंगवतात आणि मोटारसायकलमागे पळवतात. म्हैस मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून धावत सुटते. मी गाडी लावल्याचा आवाज आमच्या घरात अजून कोणी ओळखलेला नाही. असो.

तर बाजारात उभा होतो. हेडी, म्हणजे गुरांचे दलाल, उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवत होते. मी एका मुऱ्हापाशी थांबलो, खालचा ओठ ओढून दात बघितले, "जुळलीय," म्हणालो, तट्ट कास बघून मान डोलावली. जिच्या नावावर कर्ज होतं ती बाई मागे उभी होती. ती पुढे झाली, म्हशीला हात हुंगू दिला, कासेवरून बोटं फिरवली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ही नगं सायब. सकाळची धार काढल्याली न्हाय हिची. तुंबवून आणलीया."

"तेच म्हणतोय मी," मी म्हणालो. कंटाळलेल्या चेहऱ्याने.

मग तिने निवडली ती म्हैस घेतली. फॉर्म भरला. 'तांत्रिक तपासणी' पुढे माझी सही, 'लाभार्थी' पुढे तिचा अंगठा. म्हैस बघण्यात जन्म गेलेल्या बाईला तिचं मत लिहायला त्या चार पानांत एक ओळ नव्हती, आणि पुस्तकावर रात्र काढलेल्या पोराला शिक्क्यासकट जागा होती. हप्ते तिने फेडायचे, म्हैस आटली तर उपाशी तिने राहायचं. त्यात माझा पगार एका रुपयाने कमी होणार नव्हता. कोणीही काहीही करू शकतो, असं ज्याने ठरवलं तो माणूस मला एकदा भेटायला हवा होता. पण त्याचीही तोवर बदली झाली असणार.

पुढचं किरकोळ. परकीय चलन विभागात एलसी, बिल ऑफ लेडिंग आणि डिस्क्रेपन्सी एवढ्यावर भागलं. शिवाय कागद लाथ मारत नाहीत. मग संगणक आले. 'सिस्टीम डाऊन आहे' हे एकच वाक्य शिकलो आणि त्यावर निवृत्तीपर्यंत तरलो.

आता मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास चाललाय आणि समितीचा अध्यक्ष मी आहे. एफएसआय, टीडीआर, फंजिबल तोंडपाठ. सभेत कोणी फार बोलायला लागलं की मी नुसतं "७९-अ" म्हणतो. सहकार कायद्याच्या त्या कलमाखालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय माझ्याखेरीज कोणी वाचलेला नाही, आणि मीही मुख्यतः तारीखच वाचली आहे. बिल्डरच्या माणसाने परवा मला "सर, तुम्ही सिव्हिलचे का?" असं विचारलं. मी नाही म्हणालो नाही.

काल जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. घरात एकट्याच असतात.

"भावोजी, नव्या घरात माझं देवघर पूर्वेलाच राहील ना हो? आणि दोन-तीन वर्षं भाड्याने राहायचं म्हणता, तेवढ्यात मला काही झालं तर?"

माझ्या बारा शब्दांत याला शब्द नव्हता. "ते फंजिबलमध्ये बसतंय का बघतो," मी म्हणालो.

"तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे," त्या म्हणाल्या. नुसतं म्हणाल्या असत्या तर ठीक होतं. त्यांनी ते वरच्या दोन्ही मजल्यांवर सांगितलं. आज सकाळी दारात दोघी-तिघी उभ्या होत्या. एकीला ओट्याची दिशा विचारायची होती, आणि एकीने विहिणीच्या सोसायटीचेही कागद आणले होते.