वीतभर अंतरावरून

मे महिन्यात पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, असा मी बेडरूममध्ये बसलो होतो. शेजारच्या काकू डोकावल्या आणि बायकोला हळूच म्हणाल्या, "कोण बाळंतीण आलीय गं?"

बाळंतीण मीच. गिटारवर बसवलेली माझी पहिली चाल रेकॉर्ड व्हायची होती आणि कळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

हे खूळ स्प्रिंगस्टीनमुळे शिरलं. १९८२च्या जानेवारीत अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, बेडरूममध्ये बसून, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी भरली. तो नुसता कच्चा खर्डा होता. पण पुढे बँड घेऊन स्टुडिओत केलेलं काही त्याच्या पासंगाला पुरेना, म्हणून त्याच कॅसेटवरून 'नेब्रास्का' हा अल्बम निघाला. हे मी बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "त्याची भिंत आपल्या स्वयंपाकघराला लागून नसेल."

पहिल्या दिवशी माइक गिटारच्या भोकासमोर धरला. आवाज तिथूनच येतो ना! ऐकलं तर कुणीतरी पिंपात बसून वाजवतंय. त्या पोकळीत खर्जाची हवा घुमते आणि बाकीच्या तारांना गिळते. मग कळलं, की माइक बाराव्या फ्रेटसमोर ठेवायचा, वीतभर अंतरावर. वीत कुणाची, ते कुणी सांगत नाही. मी माझी धरली.

त्यात माइक कंडेन्सर. आतला पडदा केसाहून पातळ. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर दिली, की तो चाळीतल्या म्हातारीसारखा सगळ्यांच्या घरातलं ऐकतो. फ्रिजची घरघर, खालच्यांचा मिक्सर, माझ्या शर्टाची बटणं गिटारच्या पाठीवर घासल्याची खरखर. शर्ट काढला, बनियनवर बसलो. मग माझा श्वास ऐकू यायला लागला. तो काही काढून ठेवता येईना.

कुकरशी मात्र तह केला होता: दुसऱ्या आणि तिसऱ्या शिटीच्या मधे एक टेक. माझी चाल पांढरी पाचमधली आणि आमच्या कुकरची शिटी काळी चारची. अर्ध्या सुराचा फरक. शिटी थोडी खाली असती, तर मी ती ठेवलीही असती.

शेवटी रात्री अडीचला बसलो. फ्रिज बंद. (दुधाचं सकाळी जे झालं, ते इथे नको.) तारा नव्या, बोटं शांत, तीन मिनिटं एकही चूक नाही. शेवटचा कॉर्ड छेडला आणि तो विरेपर्यंत हाताच्या केसालासुद्धा हलू दिलं नाही.

हेडफोन लावून ऐकलं. सुंदर! कॉर्ड विरत विरत जातोय, जातोय... आणि भिंतीवर पाल चुकचुकली.

आईला हल्ली कमी ऐकू येतं. मी चहाला हाक मारली, तर तीन वेळा मारावी लागते. पण रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ आहे: पलीकडच्या खोलीतून, बंद दारातून, गोधडीतून तिचा आवाज आला, "कृष्ण, कृष्ण." पाठोपाठ पलंगाच्या लाकडावर बोटाची टकटक.

ती बरोब्बर समेवर पडलीय.