आमचा नाइटक्लब

सोलापुरात नाइटक्लब नाही असं सांगणारा माणूस एकतर बाहेरगावचा असतो, नाहीतर त्याची बायको शेजारी बसलेली असते. शहरात नसेल, पण पुणे रस्त्यानं मोहोळ मागं टाकून मोडनिंब गाठलं की लावणीच्या संगीतबारीची थिएटरं आहेत. आमच्या पिढीतला एकही पुरुष तिथं गेलेला नाही. तरी कुठल्या पार्टीचा पेटीवाला तयार आणि कुणाची अदा जुन्या चालीची, हे प्रत्येकाला तोंडपाठ. पंढरपूरला जाणारा फाटा त्याच बाजूला असल्यानं घरी काय सांगायचं हा प्रश्नही विठ्ठलानंच सोडवून ठेवलाय.

मुंबईतल्या भाच्यानं मध्यंतरी मला लोअर परळच्या एका क्लबात नेलं. दारात दोन पहिलवान. म्हणाले, जोडीनं आलात तरच आत. मामा-भाचे ही जोडी त्यांना पटेना. भाच्यानं कुणालातरी फोन लावला, मग पटली. आत अंधार, बसायला जागा नाही, आणि शेजाऱ्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडायचं. मी सवयीनं (म्हणजे ऐकीव सवयीनं) डीजेकडं बैठकीच्या लावणीची चिठ्ठी पाठवली. त्यानं ती बिलासारखी उलटसुलट पाहिली आणि आवाज वाढवला.

बारीत फरमाईश हाच तर कारभार. गाणारीण समोर बसते, एकच ओळ घोळवते आणि दर खेपेला चेहऱ्यानं, बोटांनी तिचा नवाच अर्थ काढून दाखवते. मग ती थेट तुमच्याकडं बघते. गावात चारचौघांना दम देणारा, गळ्यात गोफ घातलेला बागायतदार तेव्हा पायाच्या अंगठ्याकडं पाहताना सापडतो. दौलतजादा होते, म्हणजे खूश झालेले प्रेक्षक पैसे देतात; त्यातला वाटा थिएटरमालकाचा, उरलेल्यात नाचणाऱ्या-गाणाऱ्या, तबला, पेटी, ढोलकी. पार्टीची मालकीण बाईच, आणि हिशेब तिच्या डोक्यात पक्का.

पुष्कळ लोक बारीला तमाशा म्हणतात. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर जन्मानं पंढरपूरच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या. पण त्यांचा ढोलकी फड, म्हणजे खरा तमाशा. बारीत वग नसतो, सोंगाड्या नसतो. ते काम पहिली रांग करते.

2012 साली लावणीगायिका यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा काही घरांत बैठकीची लावणी दार उघडं ठेवून ऐकली गेली. 2014 मध्ये भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक आलं आणि आमच्यातले बरेच जण एका रात्रीत अभ्यासक झाले. पुस्तक काखेत असलं की मोडनिंबला जाणं हे संशोधन ठरतं.

माझं मत विचाराल तर लोअर परळपेक्षा मोडनिंब कितीतरी सरस. निदान तिथं कलावंताला तुम्ही आलाय हे कळतं. जाणार असाल तर मोबाइल खिशात ठेवा, लावणी पुरी होईपर्यंत उठू नका, सुटे पैसे न्या. आणि मी तिथं दिसलो तर कृपया ओळख दाखवू नका.