ग्रहणातली बिर्याणी

परकीय चित्रपटाला देशी करून घेण्याच्या ज्या प्रक्रियेस व्यवसायात 'भारतीयीकरण' म्हणतात आणि मराठीत 'आपल्या मातीत रुजवणे' असे अधिक हळवे नाव आहे, ती प्रक्रिया प्रत्यक्षात स्वयंपाकघरात पार पडते, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेशी लक्षात घेतलेली नाही. पात्रांची नावे बदलणे हे पाच मिनिटांचे काम असते आणि शहर बदलणे त्याहून सोपे, कारण सगळी पात्रे ठाण्यात राहतात. खरा खल होतो तो पास्त्याच्या जागी काय वाढावे यावर. कोणी थालीपीठ सुचवतो, कोणी ते 'फार गावाकडचे' म्हणून बाद करतो, भरल्या वांग्याचा विषय निघून मागे पडतो, आणि अखेर बिर्याणीवर एकमत होते, कारण बिर्याणी बाहेरून मागवता येते. बिर्याणी ठरली की रूपांतर पूर्ण झाले, असे समजण्याची प्रथा आहे.

रूपांतर मूळ कृतीच्या तोडीचे उतरू शकते काय, हा जुना प्रश्न म्हणूनच ताटाच्या पातळीवर तपासायला हवा, आणि त्यासाठी २०१६ सालच्या 'पेर्फेत्ती स्कोनोशुती', म्हणजे 'अगदी अनोळखी माणसे', या इटालियन चित्रपटाइतके सोयीचे उदाहरण सापडणे कठीण. रोममधल्या एका घरी तीन जोडपी आणि एकटा आलेला एक मित्र अशी सात माणसे रात्री जेवायला जमतात. सर्वांनी आपापले मोबाइल टेबलावर ठेवावेत, आलेला प्रत्येक संदेश मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक फोन स्पीकरवर घ्यावा, असा खेळ यजमानीण सुचवते. आणि शेवटचा गोड पदार्थ येईपर्यंत टेबलाभोवतीचा एकही संसार धड राहत नाही. २०१९ सालीच, १८ रूपांतरांनिशी, जगात सर्वाधिक वेळा पुन्हा बनवला गेलेला चित्रपट म्हणून त्याची विक्रमांत नोंद झाली आणि त्यानंतरही ती संख्या वाढतच गेली. एक टेबल, सात खुर्च्या, सात फोन आणि एका रात्रीची गोष्ट : निर्मात्याच्या दृष्टीने याहून अधिक वैश्विक आशय असूच शकत नाही.

त्या रात्री रोमच्या आकाशात चंद्रग्रहण असते. मंडळी जेवता जेवता उठून ते पाहायला बाहेर जातात, पाहतात, आत येऊन पुन्हा जेवायला बसतात. हे ग्रहण शोभेचे नव्हे. चंद्राची एक बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही आणि नवऱ्याची एक बाजू बायकोला, हे त्यातून सुचवले जाते. सावली पडलेली असते तेवढ्या वेळात सगळे उघडे पडते, आणि शेवटी चित्रपट असे दाखवतो की तो खेळ मुळी खेळलाच गेला नव्हता आणि सातही जण आपापली गुपिते शाबूत ठेवून, एकमेकांना शुभरात्री म्हणून, घरी निघाले आहेत. इटालियन माणसाच्या लेखी ग्रहण म्हणजे आकाशातला एक देखावा, आणि जेवण म्हणजे जेवण. त्या दोहोंचे आपसात काही वैर नाही.

आता रूपांतराची जी संहिता कचेऱ्यांतून फिरत असते, जी कोणा एकाची नसते, दर हंगामात नव्याने लिहिली जाते आणि तरीही तीच असते, तिच्यात हे ग्रहण जसेच्या तसे उतरते. रोमचे ठाणे होते, पास्त्याची बिर्याणी होते, वाइनला धक्का लागत नाही आणि ग्रहणालाही लागत नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या बाविसाव्या मजल्यावर, चंद्राला ग्रहण लागलेले असताना, सात मराठी माणसे टेबलाभोवती बसून चिकन बिर्याणी खातात, मध्येच उठून ग्रहण पाहून येतात, पुन्हा रायते वाढून घेतात, आणि या सबंध व्यवहारात कोणीही, एका शब्दानेही, काहीही म्हणत नाही.

या शांततेचा अर्थ नीट समजण्यासाठी काही संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. ग्रहणाच्या आधीचा जो काळ परंपरेने अन्नाला वर्ज्य मानला जातो त्याला वेध म्हणतात. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणजे नऊ तास आधी लागतात, आणि लहान मुले, वृद्ध, आजारी व गर्भवती यांना त्यात सवलत असते. सावली बिंबाला टेकते तो स्पर्श, ऐन भरात येते तो मध्य आणि बिंब सोडून जाते तो मोक्ष; स्पर्शापासून मोक्षापर्यंतचा तो पर्वकाळ. रविवार, ७ सप्टेंबर २०२५ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास चंद्रग्रहणाचा स्पर्श रात्री दहाच्या सुमारास होता आणि मोक्ष दीडच्या सुमारास, म्हणजे परंपरेच्या हिशेबाने वेध दुपारी एकलाच लागलेले होते. थोडक्यात, चित्रपटातल्या मंडळींनी रात्री दहाला बिर्याणीचे डबे उघडले असे धरले, तर त्यांनी वेधांचे जवळजवळ सगळे तास ओलांडून नेमका स्पर्श गाठला, आणि मसाला-दालचिनीचा वास सुटला तो बरोबर पर्वकाळात. एवढी अचूकता योगायोगाने साधत नाही. ती फक्त अज्ञानानेच साधते.

येथे आक्षेप असा येऊ शकतो की हल्ली कोण पाळते. हा आक्षेप समाजशास्त्राच्या दृष्टीने कच्चा आहे. महाराष्ट्रात ग्रहण न पाळणारी माणसे लक्षावधी असतील, परंतु ग्रहण न पाळणे ही येथे कृती असते, कृतीचा अभाव नव्हे. याच प्रदेशात ग्रहण लागलेले असताना भर चौकात चहा-पोहे खाऊन दाखवणारे कार्यकर्ते झाले आणि ते पोहे त्यांनी भूक लागली म्हणून खाल्ले नाहीत. ग्रहणात जेवणे ही महाराष्ट्रात एक तर चूक असते किंवा चळवळ. ती नुसती जेवणाची वेळ कधीच नसते. जो पाळतो त्याच्या घरी सकाळीच तुळशीची पाने खुडून दुधावर, दह्यावर, लोणच्याच्या बरणीत आणि पिण्याच्या पाण्यात पडतात, आणि जो पाळत नाही त्याच्याही घरी ती पडलेली असतात, कारण त्याची आई पाळते, किंवा आई गेली असली तर आईच्या पश्चात बायको पाळते, जी एरवी अशा गोष्टींना हसते पण 'उगाच कशाला' या दोन शब्दांपुढे तिचेही काही चालत नाही. 'उगाच कशाला' हे मराठी घरातले सर्वांत टिकाऊ तत्त्वज्ञान आहे. ते कोणत्याही दर्शनात सापडत नाही आणि कोणत्याही युक्तिवादाने हटत नाही. फ्रिजमधल्या दह्याला ग्रहण लागते की नाही यावर पदार्थविज्ञान शिकवणारा प्राध्यापक वर्गात ठाम असतो, आणि घरी येऊन दह्यातले तुळशीचे पान चमच्याने हलकेच बाजूला सारतो, फेकत नाही. त्यातच सात जणांपैकी एखादी गर्भवती असेल, आणि संहितेत ती असतेच, कारण गुपितांच्या गोष्टीत कोणीतरी गर्भवती असावे लागते, तर तिच्या हातात लिंबू चिरण्यासाठी सुरी दिली जाते. ग्रहणात गर्भवतीने काही चिरू नये, विळी-सुरीला हात लावू नये, या समजुतीत तथ्य शून्य आहे. परंतु त्या टेबलावरच्या सहाही जणांच्या मनात, सुरी तिच्या हातात जाताक्षणी, काहीतरी हलल्याशिवाय राहणार नाही, आणि चित्रपट नावाची कला याच हलण्यावर जगते. संहितेत ती लिंबू चिरते, सगळ्यांना एकेक फोड देते, आणि कॅमेरा वाइनच्या ग्लासावर जातो.

खरी गंमत अशी की मूळ गोष्टीला लागणारे सगळे दारूगोळ्याचे सामान त्या चुकीतच ठासून भरलेले होते. खेळाचा नियम काय, तर येणारा प्रत्येक फोन स्पीकरवर घ्यायचा. ग्रहणाच्या रात्री मराठी मुलाला येणारा पहिला फोन कोणाचा असेल, हे ठरवण्यासाठी पटकथेच्या कार्यशाळेला जाण्याची गरज नाही. 'अरे, जेवलात ना वेधाच्या आधी? आणि तिला सांग, बाहेर बघायला जाऊ नकोस म्हणावं,' हा आवाज त्या टेबलावर, बिर्याणीच्या उघड्या डब्यासमोर, सात जणांच्या साक्षीने घुमला असता, तर 'हो आई, केव्हाच जेवलो' हे त्या रात्रीचे पहिले खोटे ठरले असते. सर्वांना ऐकू गेलेले, सर्वांना मान्य असलेले, सर्वांनी हसून पचवलेले खोटे, आणि पुढच्या सगळ्या भयंकर खोट्यांचे ते पायपुसणे ठरले असते. मोबाइलमधल्या परस्त्रीपर्यंत पोहोचण्याआधी मराठी माणूस आईशी खोटे बोलून आलेला असतो, हे रोमला सुचणे शक्य नव्हते. ठाण्याला सुचायला हरकत नव्हती. हंगेरीने २०१८ च्या आपल्या रूपांतरात ती रात्र ३१ डिसेंबरची केली आणि चित्रपटाचे नावही नववर्षाच्या शुभेच्छांचे संक्षिप्त रूप ठेवले. आपल्याकडची माणसे एकत्र जमून रात्र जागवतात ती नेमकी कधी, एवढा एक प्रश्न तिथल्या रूपांतरकारांनी स्वतःला विचारलेला दिसतो. आपल्याकडे तो प्रश्न विचारायला कोणी बसत नाही, कारण बिर्याणीवरची बैठक लांबलेली असते.

मराठीला ही विद्या येत नव्हती असे म्हणण्याची सोय नाही. १६६० सालचे एक फ्रेंच प्रहसन १७६१ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर नव्या अवतारात आले, तेथून ते १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने मराठीत उतरले, आणि १९१६ मध्ये त्याचे 'संगीत संशयकल्लोळ' झाले. म्हणजे ज्याला मराठी प्रेक्षक शंभर वर्षे आपले मानून हसत आला, तो माल तिसऱ्या हाताचा होता. त्याचा विषयही तोच : एक तसबीर चुकून भलत्याच्या हाती पडते, आणि नवरा बायकोवर व बायको नवऱ्यावर संशय घेते. ती तसबीर म्हणजे त्या काळचा टेबलावर उताणा ठेवलेला मोबाइलच होय. त्या रूपांतरकाराने नायिकेला नायकिणीच्या घरी जन्माला घातले, त्यामुळे तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या संशयाला नुसत्या स्वभावाची नव्हे, इथल्या समाजाची धार आली. आणि नावे ठेवताना त्याने पात्रांना फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या असे महिने वाटले व कृत्तिका, रेवती, मघा अशी नक्षत्रे वाटली. संशयाने गरगरणारे एक अख्खे तारांगण त्याने रंगमंचावर आणून बसवले. परदेशी प्रहसन मराठीत आणताना त्या गृहस्थाने पंचांग उघडले होते. आजच्या रूपांतरकाराच्या कथेत साक्षात ग्रहण आहे, आणि पंचांग तो उघडत नाही.

ताटातला पदार्थ बदलल्याने काहीच साधत नाही, असेही नव्हे. तो कोणी कोणाला वाढला, हे ठाऊक असावे लागते. १९५४ च्या 'सेव्हन सामुराय' या जपानी चित्रपटात शेतकरी गावाच्या रक्षणासाठी योद्धे ठेवतात आणि मोबदला म्हणून त्यांना पांढरा भात वाढतात, स्वतः मात्र भरड धान्यावर दिवस काढतात; योद्ध्यांना हे कळते तेव्हा हातातल्या वाडग्याचे वजन बदलते. १९६० च्या 'द मॅग्निफिसंट सेव्हन' या अमेरिकी रूपांतरात जपान गेला, तलवारी गेल्या, सहा आठवड्यांचे २० डॉलर असा सरळ रोजगार ठरला, तरी गाव स्वतः अर्धपोटी राहून बंदूकवाल्यांना चांगलेचुंगले वाढते आहे, हे कळण्याचा क्षण त्यांनी हरवू दिला नाही. मूळ चित्रपट त्याहून मोठा आहे, यात वाद नाही. पण रूपांतर ताठ मानेने त्याच्या शेजारी उभे राहते, कारण भाताच्या जागी काय ठेवावे यापेक्षा भात का होता, हे तेथे आधी कळले होते.

यावर व्यवसायाचे उत्तर ठरलेले असते : 'प्रेक्षकांना एवढं कुठे कळतं!' हे वाक्य गेली अनेक दशके मराठी-हिंदी चित्रपटांच्या कचेऱ्यांत चहाबरोबर दिले जाते, आणि त्याची चीड आल्याशिवाय या विषयावर प्रामाणिक लेखन होणे शक्य नाही. ज्या प्रेक्षकाला मोक्ष किती वाजून किती मिनिटांनी आहे हे तोंडपाठ असते, जो ग्रहण सुटल्यावर मध्यरात्री गिझर लावून डोक्यावरून पाणी घेतो किंवा घेणाऱ्या बापाशी भांडतो, ज्याच्या लहानपणी 'दे दान, सुटे गिराण' ही आरोळी गल्लीतून गेलेली आहे आणि ज्याच्या आजीने तेव्हा दारावर पसाभर धान्य घातलेले आहे, त्याला म्हणे कळत नाही! त्याला इटालियन कळत नाही, हे खरे. मूळ चित्रपट त्याला त्याच्या भाषेतल्या ओळींसह क्वचितच पाहायला मिळतो, हेही खरे, आणि तो दोष त्याचा नाही. पण समोरच्या पडद्यावरची माणसे कोणाच्याच घरची नाहीत, हे त्याला पहिल्या घासाला कळते. म्हणून तो चित्रपटाला जात नाही, आणि न गेल्याबद्दल त्यालाच 'मराठी माणूस आपल्या चित्रपटाला पाठिंबा देत नाही' असे सुनावले जाते, तेही दीडदोनशे रुपयांचे तिकीट आणि तितक्याच किमतीचा मक्याच्या लाह्यांचा डबा समोर ठेवून.

उपाय मुळीच खर्चिक नव्हता. ज्या घरात ही संहिता लिहिली जाते त्या घराच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी, खिळ्याला एक दिनदर्शिका लटकत असते, आणि पौर्णिमेच्या चौकोनात, दुधाचे आणि इस्त्रीवाल्याचे हिशेब पेन्सिलीने टिपलेले असतात त्यांच्या वर, ग्रहणाची स्पर्शापासून मोक्षापर्यंतची वेळ बारीक अक्षरांत छापलेली असते. तो चौकोन कोणी वाचत नाही. पान उलटून मागची पाककृती तेवढी पाहिली जाते, आणि त्या महिन्यात ती बहुधा बिर्याणीची असावी.