नमुना

“मामा, तुझी लाळ हवी आहे,” भाचीनं फोनवर सांगितलं.

भाचरांनी मामाकडे काय मागावं याची आपल्याकडे रीत आहे. दिवाळीला कपडे, मे महिन्यात आंबे, आणि लग्नात पाठीशी उभा राहायला खुद्द मामा. ही मागणी नवीन होती. भाची हिरड्यांच्या विषयात एमडीएस करते आहे आणि तिच्या प्रबंधाला लाळेचे नमुने कमी पडत होते.

“नमुना म्हणून तू चालशील.”

“चालेल काय, लग्न झाल्यापासून मी तेच म्हणते आहे,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. फोन स्पीकरवर ठेवण्याचे हे तोटे.

प्रबंधासाठी दोन गट हवे होते, निरोगी हिरड्यांचा आणि आजारी हिरड्यांचा. मी अर्थातच पहिल्यात, असं मीच ठरवून टाकलं. घासताना कधीतरी ब्रश लाल होतो, पण तो ब्रशचा दोष.

नियम कडक होते. आधी तासभर खायचं नाही, प्यायचं नाही, दातही घासायचे नाहीत. थुंकायचंसुद्धा नाही. मान खाली घालून, ओठ सैल सोडून, लाळ आपोआप नळीत गळू द्यायची. माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. भाचीला हवी होती फक्त पाच मिलिलिटर. पण जिलबीच्या दुकानासमोर बेलगाम वाहणारं माझं तोंड तिच्या कॉलेजात मे महिन्यातल्या नळासारखं कोरडं पडलं. मोठ्या मुश्किलीनं एक तार खालच्या ओठावरून निघाली, नळीच्या तोंडाशी आली आणि तिथेच लोंबकळत राहिली. तुटेना, पडेना. लाळेरं बांधायच्या वयात हेच काम मी दिवसभर फुकट करत होतो.

तेवढ्यात खिडकीखालच्या कॅन्टीनमध्ये वड्यांचा घाणा पडला. नळी भराभर भरू लागली. भाचीनं धावत जाऊन खिडकी लावली आणि नळी ओतून टाकली. “वड्याची लाळ चालत नाही, मामा. ती पातळ असते, सगळा हिशोब बिघडतो.”

दुसऱ्यांदा जेमतेम जमलं. ती नळी बर्फात गेली आणि मग माझे दात मोजायला घेतले. बारीक खुणांची बोथट सळई दात आणि हिरडी यांच्यामध्ये घालून खोली बघतात, एकेका दाताला सहा ठिकाणी. भाची आकडे पुकारत होती, ज्युनियर मुलगी लिहून घेत होती. “तीन, दोन, तीन. चार, पाच, चार. रक्त.” तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार आणि पुढे म्हणजे तिथे खिसा झालेला. त्या खिशांत जंतू. आयुष्यात पहिल्यांदा माझे खिसे भरलेले निघाले.

चूळ भरली तर बेसिन गुलाबी. मला एकदम तांदळाचं दिव्य आठवलं. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दिव्यांची सविस्तर चर्चा केली आहे. चोरीचा आळ आला की संशयिताला तांदूळ चावायला लावायचे आणि पानावर थुंकायला सांगायचं. थुंकीत रक्त दिसलं, की चोर. म्हणजे त्या काळी किती बिचारे केवळ हिरड्यांपायी चोर ठरले असतील! माझं तर पहिल्या घासातच सिद्ध झालं असतं.

“तुम्हीही तेच करता की,” मी म्हणालो, “थुंकीवरून निकाल.”

“आम्ही रक्त नाही, एमएमपी-8 बघतो.” हे एक विकर. जंतू मारायला धावलेल्या पांढऱ्या पेशी ते सोडतात आणि त्यानं दाताला हाडाशी बांधून ठेवणारे कोलॅजनचे धागे तुटतात. म्हणजे चोर पकडायला आलेले पोलीस दारं-चौकटी उखडून जातात, आणि चोर आतच. सळई सांगते आजवर किती पडझड झाली. लाळ सांगते की पाडकाम आत्ता चालू आहे का. पण कुठल्या दाताशी, ते लाळेला सांगता येत नाही. सोसायटीच्या टाकीत गढूळ पाणी आलं एवढं कळतं, कुणाचा पाइप फुटला ते घरोघर फिरूनच शोधावं लागतं.

फिनलंडच्या संशोधकांच्या कामातून तर हे विकर ओळखणारी पट्टीच निघाली आहे. अर्धा मिनिट चूळ भरायची, पट्टी बुडवायची, पाच मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर सुटलात. दोन आल्या तर... या वयात दोन रेघांची बातमी बायकोला कशी सांगायची, हा प्रश्न त्या संशोधकांना पडलेला दिसत नाही.

निकाल आला. माझा आकडा निरोगी मंडळींच्या बराच वर होता. “पण मला तर काही दुखत नाही,” मी म्हणालो. “दुखलं असतं तर कधीच आला असतास,” भाची म्हणाली, आणि तिनं हिरड्यांच्या खालपर्यंत खरवडून दात साफ केले. दाताआडून निघालेला दगड तिनं मला गॉजवर ठेवून दाखवला. तांदळाच्या कणीएवढा, काळपट. इतकी वर्षं सोबत होता, पण ओळख नव्हती.

तीन महिन्यांनी पुन्हा लाळ द्यायला गेलो. खिडकी आधीच बंद करून ठेवली होती. शेजारच्या खुर्चीवर बायको होती, निरोगी गटाची म्हणून बोलावलेली. माझी तार अजून ओठावरच लोंबत होती, तोवर तिनं भरलेली नळी भाचीच्या हातात दिली आणि पदरानं तोंड पुसलं.

“आटपा लवकर,” ती म्हणाली, “खाली वडे संपतील.”