जावयाला दीडशे डॉलर

ती. आई-बाबा,


वॉशिंग मशीन फिरतंय तोवर लिहायला बसलेय. ते थांबलं की ओले कपडे बांबूवर चढवून खिडकीबाहेर काढायचे, ही इथली, सिंगापूरची, रोजची सर्कस. तेवढ्यात हे लिहून टाकते, कारण आई, परवा फोनवर तू फक्त रडायची बाकी होतीस. का, तर वरच्या मजल्यावरच्या आंटींनी तुला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "सुना है बिटिया कसीनो में है?" आणि मागून बाबा खोकत खोकत म्हणाले, "जुगार खेळवते, सांगून टाक!"

आता मला सांग, दिवाळीआधी पंधरा-पंधरा दिवस रात्रभर तीन पत्ती कोणाच्या घरी चालते? आणि 'शगुन के लिए' म्हणून तिथे बसून मागच्या वर्षी पाचशे रुपये घालवून कोण आलं? बाबा, दिल्लीत १९५५ पासून जुगाराविरुद्धचा कायदा आहे, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी रमीत हरल्यावर सांगायचात. आपल्या अख्ख्या खानदानात पैसे लावून न खेळणारी मी एकटी आहे. मी जिथे काम करते तिथे खेळायला मला कायद्यानेच बंदी आहे. कामाचा परवानासुद्धा सरकारचा, पूर्ण चौकशी करून दिलेला. मुलगी दाखवतानासुद्धा तुम्ही एवढी चौकशी होऊ दिली नव्हती.

मी पत्त्यांना हात लावत नाही गं. मी फ्लोअर सुपरवायझर, म्हणजे दुसऱ्यांचे हात बघणारी. माझ्याकडे काही टेबलं असतात. डीलरने बरोबर वाटलं का, पैसे बरोबर चुकते केले का, मोठ्या रकमेच्या चिप्स मोडताना त्याने मोठ्याने पुकारा केला का, आणि भांडण झालं तर वरच्या कॅमेऱ्यावाल्यांना विचारून निकाल द्यायचा. टेबल सोडताना डीलरने टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट दाखवायचे असतात, हातात काही लपवलं नाही म्हणून. मी डीलर होते तेव्हाची ती सवय अजून गेलेली नाही. कणीक मळून झाली की मी टाळी वाजवून गॅसला तळवे दाखवते. पिल्लू शाळेत डबा खाऊन झाल्यावर तेच करतं. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती.

इथे सगळ्यात जास्त चालतो तो बाकारा. आठ जोड, चारशे सोळा पत्ते, नऊच्या जवळ जाईल तो जिंकला. डोकं लागत नाही, म्हणूनच लोकांची श्रद्धा फार. पत्ता सरळ उलटायचा नाही. लांब कडेने अगदी हळू हळू वाकवत सोलायचा. कडेला तीन बदाम दिसले की पत्ता छक्की, सत्ती किंवा अठ्ठी. मग मधला बदाम हवा असेल तर ओरडायचं, नको असेल तर फुंकर मारायची, उडून जावा म्हणून! परवा एक आजोबा इतक्या जोरात फुंकत होते की मला बाबांची वाफ घेण्याची वेळ आठवली. पत्ता छापखान्यातच ठरलेला असतो, हे त्यांना सांगणं माझ्या कामात बसत नाही. आणि आई, असे वाकवलेले पत्ते इथे पुन्हा वापरत नाहीत. सगळे नष्ट. जोकरवर 'चौकट गुलाम' लिहून तू एकच जोड माझ्या लग्नापर्यंत चालवलास; तू इथे आलीस तर आधी पत्त्यांसाठी रडशील.

आता जावईबापूंची गोष्ट. मी काम कुठे करते ते एकदा बघायचं म्हणून ते दारापर्यंत आले, आणि गेटवर कळलं की आत जायला दीडशे डॉलर! आपले जवळजवळ दहा हजार रुपये, तेही फक्त चोवीस तासांचे. जिंकलात-हरलात त्याच्याशी संबंध नाही, नुसतं पाऊल टाकण्याचे. नियम असा, की सिंगापूरच्या नागरिकाने आणि आमच्यासारख्या पर्मनंट रेसिडेंटने ही लेवी भरायची. परदेशी माणूस पासपोर्ट दाखवून फुकट आत. २०१० साली दोन्ही कॅसिनो सुरू झाले तेव्हा शंभर होती, २०१९ मध्ये दीडशे केली. वर्षाचा पास तीन हजार डॉलर. आपल्याच माणसांनी येऊ नये म्हणून आपल्याच दाराला तिकीट! आणि आलेला पैसा सरकार लोकोपयोगी आणि धर्मादाय कामाला लावतं, म्हणजे पाप करा पण पुण्याची पावती आधी फाडा.

बाबा, थोडक्यात, तुम्ही आलात तर फुकट आणि जावयाला दीडशे डॉलर. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला चांदीचं ताट देतात. ते गेटवरूनच परत फिरले, खाली फूड कोर्टात डोसा खाल्ला आणि दोन दिवस "तुझ्या ऑफिसात यायला माझी ऐपत नाही" हे सगळ्यांना सांगत होते. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा.

उलट लेवी भरलेला माणूस वसुलीला बसतो. चोवीस तास म्हणजे चोवीस तास. पहाटे चारला पेंगत असलेल्या काकूंकडे बघून मला वाटतं, ही लेवी लोकांना बाहेर ठेवण्यासाठी आहे की आत डांबण्यासाठी?

पण एक नियम मोठ्या आत्याच्या घरी जरूर सांगा. इथे नवरा, बायको, आईवडील, मुलं, भावंडं अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोत बंदी घालायला लावू शकतात. चेष्टा नाही, खरंच. काकांनी गोव्याला 'ऑफिसच्या कामाला' जाऊन मांडवीतल्या बोटीवर जे केलं, ते कळल्यावर आत्याने सहा महिने अबोला धरला. इथे नुसता एक फॉर्म भरला असता. आणि बाबा, हे तुमच्यासाठी: महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. एकदाही अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. तुम्ही इतकी वर्षं मंत्रालयात फायली हलवल्यात, तुम्हाला यात नवल वाटणार नाही.

इथे दिवाळीची सुट्टी एकच दिवस. लक्ष्मीपूजनाला मी ड्यूटीवर होते. फ्लोअरला खिडकी नाही, संध्याकाळ झालेली कळत नाही. एका टेबलावर दिल्लीची मंडळी होती. त्यातल्या एक बाई माझा बिल्ला वाचून म्हणाल्या, "बेटा, मराठी हो? हमारे पहाड़गंज में बहुत मराठी थे. उनके गणपति में हम जाते थे." मला फक्त "जी आंटी" म्हणता आलं, समोर हात चालू होता, नजर हटवायची नसते. ब्रेकमध्ये पँट्रीत उभी राहून तू पाठवलेली गजक खाल्ली. चुरा झाली होती. चुऱ्यासकट खाल्ली. सोबतच्या फिलिपिनो मुलीने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

मशीन थांबलं. भराभर बाकीचं:

दादाच्या मेहुणीच्या संगीताला गुरुग्राममध्ये 'कसीनो नाइट' ठेवलीय म्हणे, भाड्याची टेबलं आणि खोट्या चिप्स. त्याला लाज वाटत नाही, मला मात्र "लग्नात नोकरीबद्दल बोलू नकोस" असा निरोप! मी येणार, आणि टेबलाशी उभी राहून एकेकाचे हात तपासणार. शालूला खिसे नसतात, ते आमच्या युनिफॉर्मच्या नियमात बसतं.

पिंकीने नोएडात फ्लॅट बुक केला हे ऐकलं. ताबा कधी मिळणार ते बिल्डरने सांगितलंय का? आई, त्यापेक्षा बाकारा बरा, लगेच कळतं तरी.

बाबा, हवा सुधारेपर्यंत सकाळी पार्कात जाऊ नका. प्युरिफायर लावा; तो शोकेसमध्ये ठेवायला पाठवला नाही. त्यावरचा क्रोशाचा रुमाल आधी काढा.

तुमची,
बबी