डॉक्टर, आधी विचारा: आज काय मारलं?

श्रावण सरला की चोपड्यापासून शिंदखेड्यापर्यंत कपाशी छातीला लागते आणि फवारणीला जोर चढतो. पाठीवर पंप, अंगात बनियन, तोंडाला रुमाल. नोझल तुंबलं की गडी ते काढतो, तोंडाने फुंकतो, पुन्हा बसवतो. संध्याकाळी पोटात कळ येते, मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, जुलाब लागतात. गावच्या दवाखान्यात एकच प्रश्न होतो: काय खाल्लं होतं? ॲसिडिटीची गोळी घेऊन गडी सकाळी पुन्हा वावरात.

खाण्यात दोष नसतो. प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली विषं आहेत. नसांचे निरोप पुढे पोचवायला शरीर ॲसिटिलकोलीन हे रसायन वापरतं आणि काम झालं की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ते मोडून टाकतं. ही विषं त्या एन्झाइमलाच निकामी करतात. मग निरोप थांबत नाही, चावी तुटलेल्या नळासारखा वाहत राहतो. मेंदूकडून आतड्याला हुकूम नेणारी व्हेगस नस याच रसायनावर चालते, म्हणून पोट पिळवटतं. सोबत डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, घाम फुटतो, स्नायू फडफडतात, डोकं गरगरतं. ही पोटदुखी नसांची आहे.

आता हिशोब करा. तांबड्या पेशींतलं हे एन्झाइम दिवसाला साधारण एक टक्का या गतीने भरून येतं. हंगामात मजूर आज या शेतात, उद्या त्या शेतात फवारतो. सातपुड्यातून कामाला उतरलेल्या पावरा-भिल्ल मजुराला तर मधे खाडा परवडतच नाही. पहिली तूट भरायच्या आत दुसरी पडते. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. तिथलं पीक कपाशीच होतं आणि बोंडअळी आपल्याकडेही तीच आहे.

जे त्या दिवशी वाचतात, त्यांचं पुढे काय? कीटकनाशकांच्या संपर्कात राहणाऱ्यांत पार्किन्सन, म्हणजे कंपवाताचा धोका जास्त आढळतो. जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं की हा आजार काही जणांत आतड्यात सुरू होऊन व्हेगसमार्गे मेंदूत चढत असावा. त्यावर वाद आहे, पण हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी बद्धकोष्ठ सुरू होतं, हे डॉक्टर रोज पाहतात. फ्रान्सने २०१२ मध्ये शेतकऱ्यांचा पार्किन्सन हा व्यवसायजन्य आजार मानला आणि भरपाईचा रस्ता उघडला. आपल्याकडे तो म्हातारपणाच्या खात्यात जमा होतो.

कायद्याला हे सगळं ठाऊक आहे. कीटकनाशक नियम, १९७१ मधला नियम ३७ वाचा. फवारणी करणाऱ्यांची डॉक्टरी तपासणी त्यात सांगितली आहे, आणि ऑरगॅनोफॉस्फेटच्या कारखान्यातल्या कामगाराचं कोलिनेस्टरेज महिन्याला मोजायला सांगितलं आहे. बाटली भरणाऱ्याचं रक्त तपासायचं, तर ती बाटली पाठीवर घेऊन दिवसभर फिरणाऱ्याचं का नाही? कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणी कामगारांचं कोलिनेस्टरेज मोजतात. तांबड्या पेशींतली पातळी ३० टक्क्यांनी घसरली की माणसाला फवारणीवरून उठवतात.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जिल्हा परिषदेने आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने तिथे पाठवावेत: एकदा हंगामाआधी, मग भर फवारणीत दर महिन्याला. पातळी घसरलेल्याला दुसरं काम द्यावं, त्याची मजुरी बुडू देऊ नये. या विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, प्रत्येक आरोग्य केंद्रात हवंच.

आणि मजुराच्या घरच्यांनो, फवारणीनंतर पोटात कळ आली तर अंगावरचे कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी ती टेबलावर ठेवा.