घोडनदीकाठचे १४५ घोडे

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. त्यामुळे सत्तेचाळिसाव्या वर्षी मी १४५ घोडे बघायला घोडनदीला येतोय, हे ऐकून आमच्या न्हावऱ्याच्या मामांना त्यात वावगं काही वाटलं नाही. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "एकदम एवढी? बांधणार कुठं?"

"मामा, ते बॉनेटखाली असतात. गाडी आहे. स्पोर्ट्स कार."

"मग शनिवारी ये. शनिवारी काष्टीचा बाजार असतो. दोन्ही कामं उरकू."

माझ्या नावावर आजवर एकच वाहन झालं, ते म्हणजे स्कूटर. पहिली गाडी घेताना लोक शहाण्यासारखी मायलेज विचारतात. मी पाच लाख साठवले आणि वेग विचारायला लागलो. आता पाच लाखांत स्पोर्ट्स कार म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. छप्पर उघडणारी, दोनच दारांची, जमिनीला पोट घासत जाणारी सिनेमातली गाडी असते ना, तिचं एक दार येईल एवढ्यात. माझ्या ऐपतीत दोन जुन्या गाड्या बसत होत्या. शिरूरला एक आबार्थ पुंटो आणि दौंडला एक पोलो जीटी टीएसआय. दोन्ही दिसायला साध्या हॅचबॅक, पण इंजिनाला टर्बो. घरी सांगताना 'छोटी गाडी' म्हणता येतं आणि मनातल्या मनात 'स्पोर्ट्स कार'. नावांवरून एक इटलीची वाटते, दुसरी जर्मनीची. प्रत्यक्षात आबार्थ जन्मली रांजणगावच्या एमआयडीसीत, म्हणजे शिरूर तालुक्यात, आणि पोलो चाकणला, खेड तालुक्यात. भूमिपुत्रांना प्राधान्य द्यायचं म्हटलं तरी निकाल लागेना.

घरून एकच अट होती. डिकीत दळणाचा डबा उभा राहिला पाहिजे. आडवा नाही.

पुण्याहून येताना लागणाऱ्या वाघोलीच्या गर्दीबद्दल मी काही लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्मे या क्षणी तिथेच उभे असतील.

शिरूरच्या स्टँडबाहेर मामा पिकअप घेऊन थांबले होते. मामांची ओळख करून द्यायची तर ते बैलगाडावाले आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या तेव्हा त्यांनी दाढी वाढवली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा ती उतरवली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केल्यावर गावाला जेवण घातलं. त्यांच्या लेखी पळणारी वस्तू जगात एकच, आणि तिला चार पाय असतात.

आबार्थ कांद्याच्या चाळीत उभी होती. मालक रांजणगावला कंपनीत जाणारा तिशीचा तरुण. त्याने ताडपत्री ओढली आणि कांद्याच्या पातीच्या धुरळ्यातून पांढरी, लाल पट्ट्यांची गाडी बाहेर आली. नाकावर विंचू.

मामा दोन पावलं मागे सरले. "विंचू? गाडीवर?"

"नाना, कंपनी काढणाऱ्याची रास आहे ती," पोरगा सांगायला लागला. कार्लो आबार्थ, जन्म व्हिएन्नाचा, १५ नोव्हेंबर १९०८. सूर्य वृश्चिकेत. १९४९ मध्ये कंपनी काढली तेव्हा खूण म्हणून विंचू घेतला. पुढे १९६५ मध्ये एका विक्रमाच्या गाडीत बसता यावं म्हणून या गृहस्थाने तीस किलो वजन उतरवलं होतं. हे सांगताना पोरगा माझ्या पोटाकडे बघत होता, ते मला आवडलं नाही.

"तुझी रास कंची?" मामांनी मला विचारलं.

"कन्या."

मामांनी बोटांवर मोजलं. "तीन-अकरा. चालतंय. पुढं बोल."

पुढे पोरगा बोलला ते असं की ही गाडी ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली, तेव्हा किंमत ९ लाख ९५ हजार. इंजिन १.४ लिटर टी-जेट, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आणि शून्यापासून शंभरचा वेग, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, ८.८ सेकंदांत.

"कुठल्या घाटात?" मामा म्हणाले.

"नाही, सपाट रस्त्यावर."

"सपाटीला कुणीबी पळतं." मामांनी विषय संपवला आणि दात मागितले.

बैल घेताना म्हणे दोन चुका करू नयेत. अदत घेऊ नये, तो कामाला लागायचा असतो. जुळलेला घेऊ नये, तो कामातून जायच्या वाटेवर असतो. तेव्हा आधी दात. गाडीला दात नसतात हे मी सांगणार, एवढ्यात मला टायर आठवला. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. मी गुडघ्यावर बसून दाखवलं. १४२३. म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. मामांनी चष्मा लावला, अंगठ्याने आकडे चाचपले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने बघितलं.

"चारी बघ."

चारी टायर सारखे निघाले. गाडी २०१६ ची, ७१ हजार किलोमीटर चाललेली. पहिला संच पन्नास हजारांवर बदलला, असं पोरगा न विचारता म्हणाला. मामांनी मान हलवली. मग ते खाली वाकले आणि गाडीच्या पोटाखाली अंगठा आणि तर्जनी ताणून बघितली.

"टीचभर हाय."

"१५५ मिलिमीटर," पोरगा म्हणाला. दोघांचं म्हणणं एकच होतं.

ही टीच किती महत्त्वाची, ते चालवायला घेतल्यावर कळलं. इथून जवळच टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये कुकडीने कातळात रांजणखळगे कोरलेत. लांबून लोक बघायला येतात. आमच्या रस्त्यांवर तीच कला अधिक वेगाने चालू आहे, पण तिचं कुणी कौतुक करत नाही. प्रत्येक गतिरोधकाला पोरगा ओरडायचा, "सर, तिरपी घ्या, तिरपी!" एकेक चाक चढवत, एकेक उतरवत, मी पहिला कोस जत्रेतल्या पालखीसारखा नेला. मागे बसलेले मामा म्हणाले, "पाठीला लागतंय. पाटा कडक हाय."

मग रस्ता मोकळा मिळाला. मी तिसरा गिअर टाकला, पाय दाबला, काटा अडीच हजारांच्या पुढे गेला आणि पाठीमागून कुणीतरी खांदा लावून ढकलावं तशी गाडी सुटली. पोटात गोळा आला. आणि त्याच क्षणी माझ्या कानाशी, शर्यतीच्या घाटाच्या तोंडाशी गाडा सोडताना देतात तशी आरोळी उठली, "भिर्रर्रर्र!"

मी दचकून ब्रेक मारला. बरं झालं. कारण पुढच्या वळणावर दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर होता. त्याच्या टेपवर गाणं होतं आणि मागचं त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्याच्या मागून आम्ही १४५ घोडे दुसऱ्या गिअरमध्ये चालवत आलो.

पोराच्या आईने घरातून दळणाचा डबा आणून डिकीत ठेवला. मागची फळी काढल्यावर उभा राहिला. मग कागद. आरसी पुस्तकावर बँकेचं नाव अजून होतं.

"सातबाऱ्यावर बोजा हाय," मामा म्हणाले.

कर्ज फिटलं होतं, बँकेची ना हरकतही होती. फक्त फॉर्म ३५ भरून आरटीओत तो उतरवायचं पोराच्या हातून राहिलं होतं. मामांनी ऐकून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या काळातल्या सोसायटीचा बोजा आहे, त्यामुळे या बाबतीत ते क्षमाशील आहेत. किंमत पावणेसहा लाख. "संध्याकाळी सांगतो" म्हणून आम्ही निघालो.

न्हावऱ्याला चहा घेऊन इनामगावच्या रस्त्याला लागलो. हा तळेगाव-चाकणवरून आलेला महामार्ग काष्टीकडे जातो. इनामगाव आलं तशी माझ्यातला पुणेकर जागा झाला. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी इथे वर्षानुवर्षं खोदाई केली, साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं काढली, मातीच्या पेटीत ठेवलेली एक मातीची देवी सापडली आणि तिच्यासोबत बैल, असं मी पिकअपमध्ये सांगत होतो.

"बैल सापडला?" मामांनी विचारलं.

"हो. मातीचा."

"टर्बो सापडला का?"

पुढची दहा मिनिटं मी बाहेरचा ऊस बघत होतो.

काष्टीच्या बाजारात मला गाडीबद्दल जेवढं कळलं तेवढं शिरूर-दौंड मिळून कळलं नाही. हेडी लोक बैलाला उभा करून कधी विकत नाहीत, चालवून दाखवतात, आणि जाणता माणूस चाल बघत नाही, खूर बघतो. शेपटीचं सोंग करता येतं, शिंगं घासून रंगवता येतात, खुराला मात्र खोटं बोलता येत नाही, असं मामा म्हणाले. सौदा चालला होता तो उपरण्याखाली. दोन माणसं हातात हात घालून, वरून कापड टाकून, तोंडाने पावसापाण्याचं बोलत उभी, आणि कापडाखाली बोटं दाबून हजारांची घासाघीस. बाजूला उभ्या असलेल्या पोटच्या पोरालासुद्धा भाव कळत नाही. मामांनी काही विकत घेतलं नाही. फक्त एका टपरीवरून लाल गोंड्याची, एक घुंगूर ओवलेली सुती दोरी घेतली. कशाला, म्हटलं तर म्हणाले, "लागती."

दौंडला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. दौंड जंक्शनची लहानपणापासूनची आठवण एकच. मनमाडकडून येऊन पुण्याला जाणारी गाडी इथे थांबायची, इंजिन पुढून काढून मागे लावायचे आणि आलो त्याच दिशेला तोंड करून आपण पुढे जायचो. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांचा तो सोहळा चुकतो. ही आठवण इथे का सांगितली, ते पुढे येईल.

पोलो एका बंगल्याच्या पोर्चमध्ये चकचकीत पुसून ठेवली होती. २०१७ ची, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गिअर आणि ते आपोआप पडणारे. मीटरवर फक्त ३२ हजार. किंमत पावणेपाच. मालक गोड बोलणारे गृहस्थ, त्यांनी स्वतः ती दोन वर्षांपूर्वी कुणाकडून तरी घेतलेली. माझा जीव तिथल्या तिथे जडला. चालवायला तर लोणी. कुरकुंभ मोरीच्या तोंडाशी गर्दीत अर्धा तास अडकलो, पण डावा पाय मांडी घालून बसावा तसा निवांत. शेजारच्या रिक्षावाल्याने काच खाली करायला लावून "केवढ्याला घेतली?" विचारलं, तेव्हा मी मनात घेतलेलीच होती.

"क्लच न्हाय?" मामा मागून म्हणाले. "मंग लंगडीच म्हणायची."

परत पोर्चमध्ये आल्यावर मी खिशाला हात घालणार, तोच मामांनी डोळ्याने खुणावलं. दात. मी बसलो. ०९२०. २०२० सालचा नववा आठवडा. म्हणजे ३२ हजार किलोमीटरची गाडी, आणि तिने पहिला संच तीन वर्षांत संपवला होता, शिवाय हा दुसराही खुणेपर्यंत झिजत आलेला. मी हिशेब करत होतो तोवर मामा दार उघडून, टोपी सांभाळत, स्टीअरिंगखाली आडवे झाले.

"खूर बघ."

ब्रेकच्या पेडलचं रबर. उजव्या कोपऱ्यात त्याच्या रेघा पार पुसून गेल्या होत्या, अंगठ्याला आरशासारखं गुळगुळीत लागत होतं. कडेला रबर संपून लोखंडाची चकाकी दिसत होती. ३२ हजारांत असं होत नाही. वर सगळं धुऊन, घासून, सुगंध मारून ठेवलं होतं. पेडलकडे कुणी वाकून बघत नाही, एवढंच विकणाऱ्याने गृहीत धरलं होतं.

"दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा मीटर किती होतं?" मी विचारलं.

"सव्वीस," ते म्हणाले, आणि मामांच्या शेजारी वाकून त्यांनीही बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला. माणूस खरा होता, त्यालाच आधी कुणीतरी फसवलं होतं. दौंडला इंजिन उलटं फिरवतात हे मला ठाऊक होतं. मीटर कुठे फिरलं होतं, कोण जाणे. त्यांनी आम्हाला पोहे खाऊ घातले. निघताना मामांना हळूच म्हणाले, "आता हे पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचं का?" मामांनी उत्तर दिलं नाही, चहाचा कप मात्र बशीत उपडा ठेवला.

अंधार पडताना पुन्हा शिरूर. चाळीपुढे मामांनी पोराचा हात हातात घेतला, वरून आपलं उपरणं टाकलं आणि म्हणाले, "यंदा कांद्याचं कसं हाय?"

पोरगा अभियंता. त्याला बोटांची भाषा येत नव्हती. तो कांद्याचं सांगत राहिला. मामा दाबत राहिले. कांद्यावरून आवाज हळूहळू वर चढत गेला आणि शेवटी तो कळवळून ओरडला, "पाच! नाना, पाच घ्या, पण बोट सोडा!"

मी इसार म्हणून अकरा हजार दिले. बोजा उतरायला बरेच दिवस गेले. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, विमा माझ्या नावावर करायला टाकला, आणि मी किल्ली घ्यायला गेलो. किल्लीला पितळेचा छोटा विंचू होता, मला तोच जास्त आवडला होता. पोराने नखाने कडी उघडली, विंचू काढून स्वतःच्या खिशात टाकला आणि नुसती किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"माफ करा सर. आई म्हणते, दावं द्यायचं नसतं."

मामा खूश झाले. जनावर विकताना दावं ठेवून घेणारं घर म्हणजे रीतीचं घर. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काष्टीची दोरी काढली आणि किल्लीला दुहेरी गाठ मारली.

न्हावऱ्याच्या रस्त्याला पुढे उसाची बैलगाडी होती, ओव्हरटेक करायला जागा नव्हती. मी दुसऱ्या गिअरमध्ये तिच्या मागे लागलो. प्रत्येक खड्ड्याला किल्लीचं घुंगूर वाजत होतं. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा डाव्या बैलाने कान मागे वळवला आणि चाल वाढवली.